सत्तरपैकी सत्तर, आणि तरीही नकार

ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसाला ७० गुण लागतात. माझ्या नकारपत्रात ७० च्या ७० दिलेले होते, आणि खाली लिहिलं होतं की अर्ज फेटाळला आहे. पत्र तीनदा वाचल्यावर उलगडा झाला. पैशांची अट गुणांच्या तक्त्यात येतच नाही. ती बाजूला वेगळी बसते आणि एकटी अख्खा अर्ज पाडू शकते.

नकार आला १७ सप्टेंबर २०२५ ला, व्हिसा मंजूर झाला १९ डिसेंबरला. मधल्या तीन महिन्यांत बडोद्यात ज्याला विचारलं त्याने वेगळंच सांगितलं, आणि त्यातलं निम्मं चुकीचं निघालं. म्हणून तारखांसकट क्रमाने लिहून ठेवते.

आधी एका शब्दाचा घोळ निस्तरू. सगळे याला ‘अपील’ म्हणतात. हे अपील नाही. २०१४ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर कामाच्या व्हिसाच्या नकारावर न्यायाधिकरणात दाद मागायची सोय उरलेली नाही. उरलंय त्याचं नाव ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू. दुसरा अधिकारी तीच फाइल उघडतो आणि पहिल्याने नियम लावताना चूक केली का, एवढंच बघतो. सुनावणी नाही, वकिलाचा युक्तिवाद नाही, आणि काही मोजके अपवाद सोडले तर नवा कागदही घेत नाहीत. मनात ‘अपील’ धरून बसलात तर तुम्ही गयावया कराल, नवी कागदपत्रं गोळा कराल, आणि दोन्ही वाया जाईल.

आता सुरुवातीपासून.

४ ऑगस्टला मला नोकरी देणाऱ्या ब्रिटनमधल्या कंपनीने सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, म्हणजे सीओएस, दिलं. नाव सर्टिफिकेट असलं तरी तो खरं तर कंपनीने सरकारी प्रणालीत केलेल्या नोंदीचा क्रमांक असतो. बऱ्याच कंपन्या फक्त तो क्रमांक मेलमध्ये टाकून मोकळ्या होतात. तेवढ्यावर समाधान मानू नका. सगळ्या रकान्यांसकट पीडीएफ मागून घ्या. माझं प्रकरण पुढे त्या पीडीएफमधल्या एका ओळीवर उभं राहिलं.

पीडीएफमध्ये काय तपासायचं? नाव आणि जन्मतारीख पासपोर्टप्रमाणे आहे का. कामाचा कोड बरोबर आहे का. माझं काम सबस्टेशनच्या रिले प्रोटेक्शनचं, त्यामुळे कोड २१२३, इलेक्ट्रिकल इंजिनीअर. मग पगार. २२ जुलै २०२५ पासून सर्वसाधारण किमान पगार वर्षाला ४१,७०० पौंड आहे, आणि त्या कोडचा ठरलेला दर त्याहून जास्त असेल तर तो लागू होतो. हा दर आठवड्याला ३७.५ तास धरून काढलेला असतो, म्हणून तासांचा रकानाही बघा. तास जास्त असले की दरही त्या प्रमाणात चढतो. घरभाडं किंवा प्रवासभत्ता यात मोजत नाहीत. वयाने लहान किंवा नुकते शिकून बाहेर पडलेल्यांसाठी कमी मर्यादा आहे, पण तिच्याही अटी आहेत.

आणि मग ती ओळ. परदेशातून अर्ज करणाऱ्याकडे किमान १,२७० पौंड हवेत, किंवा ‘ए’ दर्जाच्या स्पॉन्सरने, म्हणजे नोकरी देणाऱ्या कंपनीने, लिहून द्यायला हवं की गरज पडल्यास नोकरीच्या पहिल्या महिन्याअखेरपर्यंत राहण्याखाण्याचा तेवढा खर्च आम्ही उचलू. यातली एकच गोष्ट पुरते. माझ्या सीओएसमध्ये त्या रकान्यात ‘हो’ होतं. तुमच्यात ‘नाही’ असेल तर कंपनीला अर्जाआधीच सांगा, कारण त्यांच्यासाठी ते एका खुणेचं काम आहे.

सीओएस मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो. सीओएसची फी, जी एप्रिल २०२५ मध्ये ५२५ पौंड झाली होती, आणि इमिग्रेशन स्किल्स चार्ज हा सरकारी आकार या दोन्ही कंपनीच्या खिशातून जातात. कर्मचाऱ्याकडून त्या वसूल करायला बंदी आहे. ‘सीओएस मिळवून देतो, इतके लाख द्या’ असं कुणी म्हटलं तर पुढे बोलूच नका.

इंग्रजीचा पुरावा मी पदवीवर दिला. भारत इंग्रजीभाषक देशांच्या त्यांच्या यादीत नाही, त्यामुळे भारतीय पदवी इंग्रजी माध्यमाची असली तरी ती एक्टिस या संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. त्यांना पदवी प्रमाणपत्र, गुणपत्रकं आणि विद्यापीठाचं माध्यमाविषयीचं पत्र लागतं. मिळालेल्या प्रमाणपत्राचा क्रमांक अर्जात भरायचा. माझी पदवी सयाजीराव विद्यापीठाची. १८९० साली महाराजांनी कलाभवन काढलं तेव्हा तंत्रशिक्षण मातृभाषेतून द्यायचा प्रयत्न होता. त्याच आवारातून ‘सर्व शिक्षण इंग्रजीतून झाले’ असं पत्र आणताना थोडं हसू आलं.

इथे गुजरातमध्ये शिकलेल्यांना एक अडचण हमखास येते. आपल्या गुणपत्रकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि नावासोबत बहुतेक वेळा वडिलांचंही नाव. शिवाय स्पेलिंगमध्ये एखादा ‘ए’ कमीजास्त. माध्यमाचं पत्र घेतानाच विद्यापीठाला पासपोर्टप्रमाणे नाव लिहायची विनंती करा. नंतर बदलून घ्यायला अर्ज नव्याने करावा लागतो.

पदवी नसेल किंवा त्या वाटेने जायचं नसेल तर व्हिसासाठी मान्य असलेली इंग्रजीची परीक्षा द्या. साधी आयईएल्टीएस चालत नाही, व्हिसाची वेगळी असते. मी अर्ज केला तेव्हा बी-१ पातळी पुरत होती. ८ जानेवारी २०२६ पासून या मार्गाच्या पहिल्या अर्जाला त्याहून वरची बी-२ लागते. हा बदल रिव्ह्यूच्या बाबतीत महत्त्वाचा आहे, त्याबद्दल खाली.

१२ ऑगस्टला अहमदाबादला जाऊन क्षयरोगाची तपासणी केली. त्यांच्या यादीतल्याच दवाखान्यात करावी लागते. आपल्या डॉक्टरांचा एक्स-रे कितीही स्वच्छ असला तरी उपयोग नाही. खर्च तीन हजारांच्या आत. प्रमाणपत्र सहा महिने चालतं. एक्स-रेत काही शंका आली तर थुंकीची तपासणी लावतात आणि तिचं कल्चर यायला आठ आठवडे लागतात. तेव्हा लहानपणी कधी टीबीचे उपचार झाले असतील तर ही पायरी सगळ्यात आधी उरका.

पोलिसांचा दाखला मात्र लागला नाही. तो आरोग्य, शिक्षण, समाजसेवा अशा ठरावीक कामांना लागतो. तरीही इथले एजंट सरसकट सगळ्यांना पासपोर्ट सेवा केंद्रात पाठवतात.

१८ ऑगस्टला अर्ज भरला. तीन वर्षांपर्यंतच्या व्हिसाची फी ७६९ पौंड आणि आरोग्य सरचार्ज वर्षाला १,०३५ प्रमाणे तीन वर्षांचे ३,१०५. एकूण ३,८७४ पौंड. पौंडाला ११८ रुपये धरले तर साडेचार लाखांच्या वर. कार्डावर परदेशी व्यवहार आधीच सुरू करा, दिवसाची मर्यादा वाढवून घ्या, आणि बँकेचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं पडेल हे धरून चाला. सरचार्ज भरताना ओटीपी उशिरा आला आणि पान बंद पडलं तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी मेल आणि खातं तपासा.

आता माझी चूक. अर्जात प्रश्न होता, तुमच्या स्पॉन्सरने खर्चाची हमी दिली आहे का. मी ‘हो’ निवडलं. तिथे विषय संपला होता. पण कागद चढवताना एका सल्लागाराने म्हटलं, ‘बँक स्टेटमेंटही जोडून टाका, नुकसान काय?’ मलाही पटलं. आपल्याकडे कुठल्याही कचेरीत जाताना माणूस लाइट बिल, रेशन कार्ड आणि चार फोटो जास्तीचे घेऊनच जातो, तीच सवय.

स्टेटमेंट १ जुलैपासूनचं होतं. स्वतःच्या पैशांवर अर्ज करणाऱ्यांसाठी नियम असा आहे: १,२७० पौंडांएवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी, त्या २८ दिवसांचा शेवट अर्जाच्या तारखेआधीच्या ३१ दिवसांत यायला हवा, आणि मधल्या एकाही दिवशी शिल्लक त्याखाली जाता कामा नये. सरासरी धरत नाहीत. रुपयांचं रूपांतर ओआंडा या चलनदरांच्या संकेतस्थळाच्या त्या दिवसाच्या दराने करतात. म्हणजे साधारण दीड लाख. दर हलतो म्हणून पावणेदोन ठेवलेले बरे. माझ्या खात्यात ५ ऑगस्टला गृहकर्जाचा हप्ता आणि विम्याचा हप्ता एकाच दिवशी कापले गेले आणि शिल्लक १,१२,००० वर आली. ७ तारखेला पगार जमा झाला. दोन दिवसांची खाच. ती मी स्वतःच्या हाताने अधिकाऱ्यासमोर ठेवली.

स्वतःचे पैसे दाखवायचेच असतील तर हप्ते, एसआयपी, विमा यांच्या वाटेत न येणारं वेगळं बचत खातं काढा आणि त्याला महिनाभर हात लावू नका. पीएफ, शेअर्स, क्रेडिट कार्डाची मर्यादा यातलं काही धरत नाहीत. बँक त्या देशाच्या नियामकाखालची आणि संगणकीय नोंदी ठेवणारी असावी लागते. छोट्या पतसंस्थेतल्या ठेवीवर विसंबू नका.

२६ ऑगस्टला अहमदाबादच्या अर्ज केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो. बडोद्याहून सकाळच्या गाडीने दोन तासांच्या आत पोचता येतं, पण वेळ दुपारची घ्या. गाडी चुकली तर धावपळ होत नाही. कागद आधी स्वतः स्कॅन करून चढवले असतील तर तिथे काम थोडकंच. केंद्रातली माणसं कागद तपासत नाहीत आणि निर्णयही त्यांच्या हातात नसतो, तेव्हा ‘सगळं ठीक आहे ना?’ असं त्यांना विचारण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते, त्यामुळे परतीच्या गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती.

परदेशातून केलेल्या अर्जाचा निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. ५०० पौंड जास्त भरले की पाच कामाच्या दिवसांत येऊ शकतो. त्याने निर्णय लवकर येतो, बरा येतोच असं नाही.

१७ सप्टेंबरला मेल आला. पितृपक्ष चालू होता आणि घरात ‘तरी सांगत होतो’ हे वाक्य दोन दिवस फिरत होतं. ते सोडा. नकारपत्र कसं वाचायचं ते सांगते, कारण पहिल्या दिवशी ते वाचताच येत नाही.

पत्राच्या वरच्या भागात गुणांचा तक्ता: स्पॉन्सरशिप २०, कामाची पातळी २०, इंग्रजी १०, पगार २०. माझे सगळे मिळालेले. खाली कारण: तुम्ही दिलेल्या स्टेटमेंटमध्ये ५ ऑगस्टला शिल्लक आवश्यक रकमेखाली गेली आहे, म्हणून आर्थिक अट पूर्ण होत नाही. सीओएसमधल्या हमीचा पत्रात उल्लेखच नव्हता. शेवटच्या भागात रिव्ह्यू मागता येतो का, कुठून आणि किती दिवसांत, ते लिहिलेलं असतं. मी तीन रंगांची पेनं घेतली. अधिकाऱ्याने काय बघितलं ते निळ्याने, कुठला नियम लावला ते हिरव्याने, आणि जे बघायला हवं होतं पण पत्रात नाही ते लाल. लाल रंगात एकच ओळ निघाली.

आता ठरवायचं होतं: रिव्ह्यू की नवा अर्ज? दोन्ही एकदम करता येत नाहीत. रिव्ह्यू चालू असताना व्हिसाचा दुसरा कुठलाही अर्ज केला की रिव्ह्यू आपोआप रद्द होतो. हे न कळल्यामुळे लोक ‘दोन्हीकडे खडा टाकून बघू’ म्हणतात आणि ८० पौंड घालवतात.

माझ्या मते कसोटी एकच आहे. ज्या कारणाने नकार दिला त्याचं उत्तर अर्जाच्या दिवशी दिलेल्या कागदांत होतं का? होतं आणि त्यांनी ते बघितलं नाही किंवा नियम उलटा लावला, तर रिव्ह्यू. नव्हतं, किंवा होतं पण तुमच्या घरच्या फाइलमध्ये, तर नवा अर्ज. अधिकारी कमी पडलेला कागद मागवू शकतो, पण मागवलाच पाहिजे असं बंधन त्याच्यावर नाही. ‘मला एक मेल केला असता तर’ ही तक्रार रिव्ह्यूत टिकत नाही. माझ्या सीओएसमध्ये हमी नसती तर मी रिव्ह्यूच्या वाटेला गेले नसते, कारण शिल्लक खरोखरच खाली गेली होती.

खर्चाचा हिशोबही मांडला. रिव्ह्यूची फी ८० पौंड, म्हणजे साडेनऊ हजारांच्या आसपास, आणि चूक मान्य झाली तर तीही परत. नव्या अर्जाला ७६९ पौंड पुन्हा, कारण नकार मिळाला की व्हिसाची फी परत येत नाही. एकदा अर्जात वापरलेलं सीओएस दुसऱ्या अर्जाला चालत नाही, म्हणजे कंपनीला नवं काढावं लागलं असतं. सरचार्ज नकारानंतर परत करतात, पण रिव्ह्यू मागितला असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत तो अडकून राहतो; माझे ३,१०५ पौंड तसेच अडकले. नवा अर्ज वेळेत मात्र पुढे असतो. तीन आठवड्यांत निकाल. रिव्ह्यूला किती लागतील हे कुणी सांगू शकलं नाही.

आणखी एक फरक कुणी सांगत नाही. रिव्ह्यूत तुमच्या अर्जाची तारीख तीच राहते, त्यामुळे त्या दिवशीचे नियम लागतात. नवा अर्ज नव्या नियमांखाली जातो. बी-१ ची परीक्षा दिलेल्या माणसाने रिव्ह्यूची वाट पाहून कंटाळून ८ जानेवारीनंतर नवा अर्ज केला, तर त्याला बी-२ ची परीक्षा पुन्हा द्यावी लागेल. पगाराच्या मर्यादेचंही तसंच.

परदेशातल्या अर्जदाराला निर्णय मिळाल्यापासून २८ दिवस मिळतात. माझी मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत होती. मी २४ सप्टेंबरला, तिसऱ्या माळेच्या दिवशी, अर्ज केला. पहिल्या संध्याकाळी लिहिलेलं पाठवलं नाही हे बरं झालं. त्यात निम्मी वाक्यं माझ्या मनस्तापाविषयी होती.

पाठवलेला मजकूर दीड पानाचा होता. पहिल्या परिच्छेदात अर्जाचा क्रमांक, तारीख, सीओएसचा क्रमांक. दुसऱ्यात नकारपत्रातलं कारण त्यांच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत. तिसऱ्यात नियम: ब्रिटनच्या इमिग्रेशन नियमांतलं परिशिष्ट स्किल्ड वर्कर, परिच्छेद एसडब्ल्यू १५.२, ज्यात पैसे ‘किंवा’ स्पॉन्सरची हमी असं म्हटलंय. आणि एसडब्ल्यू १५.३, ज्यात हमीवर अवलंबून असणाऱ्याला २८ दिवसांचा पुरावा लागत नाही. चौथ्यात हमी कुठे दिसेल ते: सीओएसमधला रकाना आणि अर्जातल्या प्रश्नाला दिलेलं ‘हो’ हे उत्तर. पाचव्यात, स्टेटमेंट मी दिलं होतं पण त्यावर माझी भिस्त नव्हती, आणि हमीने अट पूर्ण झाल्यावर ते बघायची गरजच नव्हती. शेवटी एक ओळ: नियम चुकीचा लावला गेल्यामुळे निर्णय मागे घ्यावा.

कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने ‘हमी दिली आहे’ असं ताजं पत्र देऊ केलं. ते जोडलं नाही. नव्या तारखेचा कागद बघून वाचणाऱ्याला वाटू शकतं की हमी आत्ता दिली जातेय. जो पुरावा आधीच त्यांच्या प्रणालीत आहे त्याकडे बोट दाखवणं पुरेसं असतं.

रिव्ह्यू करणारा अधिकारी जुनं कारण काढून नवं कारण देऊ शकतो, हे पाठवण्यापूर्वी लक्षात घ्या. म्हणून मी टीबीच्या प्रमाणपत्राची मुदत, पगार, एक्टिसचा क्रमांक सगळं पुन्हा तपासलं. नवं कारण आलं तर त्या कारणावर परत रिव्ह्यू मागता येतो. जुनंच कायम राहिलं तर येत नाही. मग उरतं ते न्यायालयीन पुनर्विलोकन, ज्याला तिथला वकील लागतो. त्याचा खर्च बघता नोकरदार माणसाने नवा अर्जच करावा असं मला वाटतं.

पोच लगेच आली. नंतर शांतता. दसरा गेला, दिवाळी गेली. सीओएसमधली रुजू व्हायची तारीख ६ ऑक्टोबर, तीही गेली. या काळात कंपनीला दर पंधरा दिवसांनी दोन ओळींचा मेल करत राहिले. तारीख पुढे सरकवायची नोंद त्यांना त्यांच्या प्रणालीत करावी लागते आणि आपण गप्प बसलो तर त्यांना वाटतं प्रकरण संपलं. त्यांनी १२ जानेवारी ही नवी तारीख टाकली.

इथली नोकरी मी सोडली नव्हती. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत बऱ्याच ठिकाणी नोटिशीचे ९० दिवस असतात आणि लोक सीओएस हातात पडताच राजीनामा देतात. गणित जुळत नाही हे खरं, पण व्हिसाआधी राजीनामा देऊ नका. मी साहेबांना परिस्थिती सांगून ३० दिवसांची नोटीस आणि उरलेल्याची पगारातून कपात असं लेखी ठरवून घेतलं होतं. कपात झाली, पण तीन महिने बिनपगारी बसण्यापेक्षा परवडली.

३ डिसेंबरला, बरोबर ७० व्या दिवशी, निकाल आला. हमीचा विचार व्हायला हवा होता, निर्णय मागे घेतला, अर्ज पुन्हा विचारात घेऊ. म्हणजे हा व्हिसा नव्हे! फाइल परत टेबलावर आली एवढंच. ८० पौंड कार्डावर परत आले. पुढे काहीही मागितलं नाही आणि १९ डिसेंबरला मंजुरीचा मेल आला.

नकाराची नोंद पुसली जात नाही असं धरूनच चाला. पुढे कुठल्याही देशाच्या अर्जात ‘पूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे का’ हा प्रश्न येईल. मी ‘हो’ लिहून, रिव्ह्यूत निर्णय मागे घेतला असं एका ओळीत सांगणार आणि दोन्ही पत्रं जपून ठेवणार. लपवणं फार महागात पडतं. ब्रिटनमध्ये फसवणुकीचा ठपका बसला तर दहा वर्षांपर्यंत बंदी येते.

१५ जुलै २०२५ पासून मुख्य अर्जदाराला कामाच्या व्हिसाचं स्टिकर पासपोर्टवर लावत नाहीत. सगळं ऑनलाइन, ई-व्हिसा. मेलमधल्या सूचनांप्रमाणे खातं उघडा, पासपोर्ट जोडा आणि प्रत्येक रकाना वाचा. नाव, जन्मतारीख, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कामाची परवानगी. पासपोर्ट नवा काढला तर तो खात्यात जोडल्याशिवाय विमानतळाकडे निघू नका. विमान कंपनी तुमची नोंद पासपोर्टच्या क्रमांकावरूनच शोधते. माझ्या ई-व्हिसावर वडिलांचं नाव माझ्या नावाला जोडून आलं, पासपोर्टवर आहे तसं. त्यात दुरुस्ती करण्यासारखं काही नव्हतं, फक्त कंपनीच्या पगारपत्रकात तसंच लिहायला सांगितलं.

कामाच्या हक्काचा शेअर कोड त्याच खात्यातून निघतो, ‘डब्ल्यू’ने सुरू होतो आणि ९० दिवस चालतो. तो पाठवला तेव्हा कंपनीने पडताळणी करून उलट मेल केला: १२ जानेवारी, सकाळी साडेआठ, सेफ्टी शूज स्वतःचे असतील तर घेऊन या.